निर्दोष वासरू आणि आपली अमानत



गोठ्यात नुकतेच जन्मलेले वासरू उठू पाहते. त्याचे पाय फाकतात, मान थरथरते आणि आचळापर्यंत पोहोचण्याआधीच ते कोसळते. त्याचा अपराध कोणता? काहीच नाही; मुक्या जनावराकडून पाप घडत नाही. आपण 'अल्लाहची मर्जी' म्हणतो. ते सत्यच आहे. परंतु तेवढे म्हटल्याने आपली जबाबदारी संपते काय?

अशा विकृतीचे एक प्रमुख कारण बी.व्ही.डी. हा विषाणू आहे. गाय चार-पाच महिन्यांची गाभण असताना त्याची लागण झाली, तर गर्भाच्या लहान मेंदूची वाढ खुंटते. शरीराचा तोल सांभाळणारा भाग तोच. गाईला त्या वेळी जेमतेम ताप येतो, म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाही. लागण त्याहून अगोदर झाली, तर वासराचे शरीर त्या विषाणूला परका मानतच नाही. असे वासरू पुष्कळदा धडधाकट दिसते. मात्र जन्मभर लाळ, शेण व नाकातील स्रावावाटे विषाणू पसरवत राहते.

खरी कसोटी या दुसऱ्या वासरापाशी आहे. तपासणीत दोष कळला, जनावर दिसायला उत्तम आहे आणि बाजारात गिऱ्हाईक उभे आहे. त्याने विचारले नाही, मग आपण का सांगावे?

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतला भाग ओला लागला. तो वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. आजारी उंट निरोगी उंटांजवळ नेऊ नयेत, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. येथे तर ओलावा डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून तो उघड करण्याची जबाबदारी अधिकच वाढते.

स्वित्झर्लंडने 2008 साली देशातील सर्व गाई-गुरांची तपासणी करून असे विषाणूवाहक जनावर कळपातून काढण्याची मोहीम सुरू केली. कायदा जे सक्तीने करवून घेतो, ते ईमानवंताने अल्लाहच्या भयाने करावे.

आपल्या मौनाने शेजाऱ्याच्या गोठ्यात उद्या एखादे वासरू थरथरत जन्मले, तर त्यालाही आपण तकदीर म्हणणार काय? तकदीरवरील श्रद्धा संकटात धीर देते. आपली चूक झाकण्यासाठी ती नाही. जनावर ही अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावाच लागेल.