पावती तिच्या नावाची

मराठी स्त्रीच्या अंगावरचे सोने बहुतेक वेळा कुणीतरी दिलेले असते. साखरपुड्याची अंगठी सासरची, पाटल्या माहेरच्या, मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक इकडची आणि एक तिकडची. पुढे पहिले बाळंतपण, मुलाची मुंज, नवऱ्याची बढती. डबा उघडला की कोणता डाग कुणी आणि कोणत्या निमित्ताने केला, हे घरातल्या कुणालाही सांगता येते. स्वतःच्या पगारातून, काहीही निमित्त नसताना, केवळ आवडली म्हणून ठुशी घेणे ही या रीतीत न बसणारी खरेदी आहे. ती करावी की नाही, हा प्रश्न वरवर हौसेचा आणि ऐपतीचा दिसतो. त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे आणि तो बराच जुना आहे.

धर्मशास्त्राने स्त्रीची स्वतःची म्हणून जी मालमत्ता मान्य केली ती स्त्रीधन. मनुस्मृतीत तिचे सहा प्रकार सांगितले आहेत: विवाहाग्नीसमोर दिलेले, सासरी जाताना मिळालेले, प्रेमाने दिलेले, आणि आई, बाप, भाऊ यांच्याकडून आलेले. सहाही ठिकाणी स्त्री घेणारी आहे, मिळवणारी नाही. स्मृतिकार कात्यायनाने याची दुसरी बाजू उघड मांडली. स्त्रीने हातच्या कसबातून जे मिळवले त्यावर नवऱ्याचे स्वामित्व, असे तो सांगतो. म्हणजे सूत कातून आलेल्या पैशांतून केलेली बुगडी नवऱ्याची आणि भावाने ओवाळणीत घातलेली बुगडी तिची, असा हा हिशेब होता. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने व्याख्या पुष्कळ सैल केली आणि वारसा, वाटणी व खरेदी यांतून आलेले धनही स्त्रीधनात घेतले. तरी भेट म्हणून आलेल्या सोन्यावरचा हक्कदेखील पुरता पक्का नव्हता. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा कैदेत पडल्यास नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, ही याज्ञवल्क्यस्मृतीतील सवलत मिताक्षरेबरोबरच पुढे चालत आली.

विवाहित स्त्रीची कमाई ही तिची स्वतंत्र मालमत्ता, असे ब्रिटिश अंमलात १८७४ च्या कायद्याने लिहून दिले. पण त्यातून हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना वगळले होते, म्हणजे देशातल्या जवळजवळ सगळ्याच स्त्रियांना. हिंदू स्त्रीसाठी ही गाठ सुटली ती १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने. भेट, वारसा, खरेदी किंवा स्वतःचे कौशल्य व मेहनत, यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळालेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक ठरली. कात्यायनाचा नियम कायद्याच्या पुस्तकातून गेला. घरातून तो इतक्या झटपट गेला नाही. नोकरी करणाऱ्या बायकोचा पगार घरखर्चाचा आणि तिच्या अंगावरचे सोने घराण्याचे, ही समजूत आजही अनेक घरांत कुणी बोलून न दाखवता पाळली जाते.

न्यायालयांना म्हणूनच तेच तेच पुन्हा सांगावे लागले. सासरच्या ताब्यात ठेवलेले स्त्रीधन हे केवळ विश्वासाने सोपवलेले असते आणि ते परत न देणे हा फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये ठरवले. केरळमधील एका प्रकरणात लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्याने तिकडच्या मापाने ८९ पवन सोने सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली घेऊन आपल्या आईकडे दिले होते. एप्रिल २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. स्त्रीधन ही पतिपत्नींची सामायिक मालमत्ता नव्हे, नवऱ्याने अडचणीत ते वापरले तरी परत करण्याचे कर्तव्य त्याच्यावर राहते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या स्त्रीला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. याज्ञवल्क्याची सवलत उरलेली नाही, हे एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटल्यावरही न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक आठवणीत स्त्रियांच्या दागिन्यांना मोठा मान आहे, पण तो विशिष्ट क्षणी मिळतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकले. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या खटपटीत सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गेले. १९६२ च्या चीन युद्धात देशभरच्या स्त्रियांनी संरक्षण निधीत सोने दिले. या त्यागांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या उभारणीत लक्ष्मीबाईंचा वाटा त्यांच्या खालचा मानणे अन्यायाचेच होईल. मात्र दागिना तिचा होता हे समाज मोठ्याने म्हणतो ते तिने तो देऊन टाकल्यावर. स्वतःसाठी घेतला आणि ठेवून घेतला, अशा स्त्रीची गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते.

दागिन्यांना सुधारकांचाही आक्षेप आहे, पण त्याचे मूळ वेगळे आहे. स्त्रीचे अलंकार तिच्या विवाहाशी आणि पर्यायाने नवऱ्याच्या हयातीशी बांधलेले राहिले. मंगळसूत्र, जोडवी, हिरवा चुडा ही सौभाग्याची लेणी; नवरा गेला की ती उतरवायची. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी त्याचा कित्ता गिरवावा असे सुचवले. ठराव करावा लागला, यातच प्रथेची ताकद दिसते. शासकीय व्यवहारही या चौकटीच्या बाहेर नाही. छाप्यात किती सोने जप्त करू नये, याबाबत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १९९४ मध्ये काढलेली सूचना अजून प्रमाण मानली जाते: विवाहित स्त्रीसाठी ५०० ग्रॅम, अविवाहितेसाठी २५० आणि पुरुषासाठी १००. चाळिशीतल्या, वीस वर्षे नोकरी केलेल्या अविवाहित बाईकडे नुकत्याच लग्न झालेल्या मुलीच्या निम्मेच सोने असणार, हे त्यात गृहीत आहे.

यावर काही सुधारकांचा उपाय दागिना टाकून देणे हा होता. महात्मा गांधी सभांमध्ये स्त्रियांकडून दागिने मागून घेत आणि बदल्यात नवे करणार नाही असे वचनही घेत. हा उपाय साधा आहे, पण तो दागिना आणि त्याच्यावर लादलेला अर्थ यांत फरक करत नाही. घटस्फोटित स्त्रीने वाकी घेतली, विधवेने नथ घातली, लग्न न केलेल्या मुलीने मोहनमाळ घडवली, तर त्या दागिन्यातून नवरा वजा होतो आणि उरते ती वस्तू, तिची कारागिरी आणि घालणारीची आवड. बेडी म्हणून दागिना नाकारण्यापेक्षा हा बदल अधिक खोलवर जाणारा आहे. दागिना देणारा मधून गेला, की तो देण्यामागे असलेली अपेक्षाही जाते.

उरला पैशांचा आक्षेप. तो सर्वांत रोकडा आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. भारतात दागिना ही चैन नव्हे, बचत आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे आणि इतिहास तिच्या बाजूने आहे. पुतळ्यांची माळ म्हणजे अंगावर ओवलेले रोख नाणेच. पुतळी हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे इकडचे नाव. बँक खाते नसलेल्या बाईला दुष्काळात सावकाराकडे नेता येईल अशी एकच गोष्ट जवळ असे. शेतकरी आणि कष्टकरी घरांत ती बहुधा चांदीची, म्हणजे गोठ, तोडे किंवा साखळ्या. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही या सवयीला हातभार लावला. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. तो निर्बंध पुढे सैल झाला, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य नागरिकाला सोन्याच्या लगडी व बिस्किटे बाळगण्यास मनाई केली. कायदा रद्द झाला १९९० मध्ये. तोवर दोन दशकांहून अधिक काळ सर्वसामान्यांना सोने साठवायचे तर ते दागिन्यांच्या रूपानेच कायद्यात बसत होते.

ती परिस्थिती आता उरलेली नाही. भारतात गोल्ड ईटीएफ २००७ पासून आहेत, आणि सरकारच्या सुवर्ण रोख्यांवर तर वर्षाला अडीच टक्के व्याजही मिळे. या रोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही. घडवलेल्या दागिन्यात सोन्याखेरीज घडणावळ भरावी लागते. नक्षीकाम जितके नाजूक तितकी ती चढत जाते. समजा शंभर रुपयांच्या सोन्यावर पंधरा टक्के घडणावळ लागली आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी. दागिना पडला ११८ रुपये ४५ पैशांना. तो मोडीत घातला तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, वर सोनार थोडी तूट धरतो. म्हणजे भाव साडेअठरा टक्के वाढला तरी हिशेब फार तर बरोबरीवर येतो. खड्यांच्या दागिन्यात खड्यांचे वजन वजा होते आणि नुकसान आणखी वाढते. ज्या स्त्रीला म्हातारपणाची तरतूद करायची आहे तिने निव्वळ सोने घ्यावे, वेढणी घ्यावी, ईटीएफ घ्यावा किंवा सोन्याच्या वाटेला जाऊच नये.

मात्र या हिशेबातून दागिना घेऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो इतकाच, की दागिन्याला गुंतवणूक म्हणू नये. पैठणीची पुनर्विक्री किंमत कुणी विचारत नाही, आणि नव्या मोटारीवर होणारी घट पुरुष कोणतेही समर्थन न देता सोसतो. बाईच्या हौसेला मात्र उपयुक्ततेचा दाखला जोडावा लागतो. ‘पुढेमागे अडीअडचणीला उपयोगी पडेल’ हे वाक्य त्या दाखल्याचे काम करते. ते अनेकदा खरेही असते, पण त्याची किंमत मोजावी लागते. अडीनडीचे म्हणून घेतलेले सोने अडीनडीलाच जाते, आणि ती नड कुणाची हे घर ठरवते: दिराचा धंदा, मुलाचे परदेशी शिक्षण, घराचा हप्ता. हौस म्हणून घेतलेल्या वस्तूवर असा हक्क सांगणे अवघड जाते. म्हणून आपल्या ऐपतीत, कर्ज न काढता, बचतीचे वेगळे पाहून झाल्यावर स्त्रीने स्वतःसाठी दागिना घ्यावा, आणि हौस म्हणूनच घ्यावा.

बाजाराने हे आधीच ओळखले आहे. लग्नसराईवर चालणाऱ्या पेढ्या आता रोज ऑफिसला घालता येतील असे हलके दागिने मांडतात. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखापलीकडे गेला आणि त्याच वर्षी ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला. ‘स्वतःला भेट द्या’ असे जाहिराती सांगतात. पूर्वी नवऱ्याला पटवावे लागे, आता थेट बायकोलाच पटवले जाते, इतकाच त्यात दुकानाच्या दृष्टीने फरक. स्वावलंबनाच्या नावाखाली विकलेल्या वस्तूवरही घडणावळ पूर्वीइतकीच लागते. सोनाराच्या भिशीचेही तसेच. अकरा हप्ते भरा, बारावा आमच्याकडून, ही योजना आकर्षक दिसते. ती अकराच महिन्यांची असण्याचे कारण असे की मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत मालात न वळवल्यास कायद्याने ती ठेव मानली जाते. या हप्त्यांना बँकेतील ठेवींसारखे विमासंरक्षण नसते. पेढी बुडाली तर पैसे बुडतात.

खरेदीच्या वेळी पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी क्रमांक बंधनकारक आहे, आणि तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५० आणि १४ ला ५८५ असा शुद्धतेचा आकडा असतो. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पावती स्वतःच्या नावाची असावी आणि पैसे स्वतःच्या खात्यातून द्यावेत. लग्नात मिळालेल्या सोन्याची पावती बहुधा वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाची असते आणि तंटा उभा राहिला की कोणता डाग कुणाचा हे सिद्ध करताना बाईची दमछाक होते. स्वतः घेतलेल्या दागिन्याला ही अडचण येऊ नये.

ही मालकी मृत्यूनंतर मात्र पुन्हा निसटते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या पंधराव्या कलमानुसार मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी मुले, दिवंगत मुलांची मुले आणि नवरा यांना जाते. यांपैकी कुणीच नसेल, तर ती नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांच्याही आधी. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणातील स्त्री लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाली होती. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली. तिच्या मागे राहिलेले पैसे तरीही कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या माणसांना मिळाले. आपली ठुशी भाचीला मिळावी, मैत्रिणीला मिळावी किंवा मोडून तिचे पैसे एखाद्या शाळेला जावेत असे जिला वाटते, तिने पावतीबरोबर मृत्युपत्रही करून ठेवावे. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही; साध्या कागदावर तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.