पेशंट उतरतो, माहिती गाडीतच राहते

अपघात विभागाच्या दारात १०८ची गाडी थांबते. पेशंट उतरवता उतरवता गाडीतला डॉक्टर बोलू लागतो आणि समोरून उत्तर येतं, "ठेवा तिकडे, आधी केसपेपर काढून आणा." तो अर्ध्या वाक्यावर थांबतो. पुढचा कॉल आलेला असतो. सही घेऊन निघून जातो.

त्या अर्ध्या वाक्यात काय होतं? कोकणातला सर्पदंशाचा पेशंट असेल, तर साप कधी चावला, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, पापण्या जड व्हायला कधी लागल्या, वाटेत श्वास कसा होता. पक्षाघाताचा असेल, तर त्याहून नाजूक गोष्ट. घरचे सांगतात, "सकाळी सहाला उठवायला गेलो, तर तोंड वाकडं." पण रात्री दहाला ते नीट बोलून झोपले होते, हे सुनेने गाडीतच सांगितलेलं असतं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास त्या दहापासून मोजायचे असतात, सहापासून नाही. हा हिशेब चुकला, तर जिवावर बेतू शकतं.

२०१४ मध्ये महाराष्ट्राने ९३७ गाड्यांची ही सेवा उभी केली आणि गाडीत डॉक्टर दिला. त्याचं दारात ऐकायचंच नसेल, तर तो दिला कशासाठी? तो अनेकदा बीएएमएस असतो, आणि माझ्या मते खरी गाठ इथेच आहे. काय सांगितलं यापेक्षा कोणी सांगितलं हे आधी पाहायची आपली जुनी खोड दवाखान्याच्या दारातही सुटत नाही. नाडी मोजणाऱ्याची पदवी पाहून नाडीचे ठोके बदलत नाहीत.

कॅज्युअल्टीतला डॉक्टर एकटा दहा पेशंट सांभाळतो, हे मी जाणतो. म्हणूनच मागणं एका मिनिटाचं आहे. छातीवर दाब देणं चालू असेल, तर ते थांबवायचं नाही; एरवी त्या मिनिटात गाडीतल्या डॉक्टरने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. वय, वेळ, काय घडलं, कुठे लागलं, नाडी-श्वास-रक्तदाब, दिलेले उपचार: ब्रिटनच्या ॲम्ब्युलन्ससेवेत हाच क्रम 'ॲटमिस्ट' म्हणून रुळला आहे. ऐकणाऱ्या सिस्टरने वेळा आणि औषधं मोठ्याने परत म्हणायची. गाडीतला कागद नातेवाइकाच्या खिशात न जाता केसपेपरला टाचायचा.

आणि त्या पेशंटचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या दिवशी गाडीतल्या डॉक्टरला फोन करून कळवायचं.