नावांचा निक्षेप

संगणकाच्या संपर्कवहीत नोंदलेली नावे कोणाची, हा प्रश्न तंत्रज्ञानाइतकाच धर्मशास्त्राचाही आहे. कारण एखादी व्यक्ती आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवते, तेव्हा ती दान देत नसून ठेव ठेवत असते. धर्मशास्त्राने ठेवीचे प्रकार वेगळे केले आहेत: समोर मोजून, स्वरूप सांगून दिलेली ठेव म्हणजे निक्षेप, तर पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता सोपवलेली ठेव म्हणजे उपनिधी. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायनिवाड्याच्या विषयांत, निक्षेपाला स्वतंत्र स्थान असून, ठेव जशी घेतली तशीच परत करता आली पाहिजे, हा त्यामागील दंडक आहे.

या कसोटीवर पाहिले असता, ज्या प्रणालीतील नोंदी त्या प्रणालीवाचून उघडत नाहीत, ती निक्षेपाचा उपनिधी करून टाकते. प्रणाली बंद पडली की पेटी हाती उरते, पण आतील द्रव्य सांभाळणाऱ्यालाच दिसेनासे होते. उलट त्या नोंदी 1995 च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘व्हीकार्ड’ या स्वरूपात, जिथे प्रत्येक माहिती आपल्या शीर्षकासह साध्या अक्षरांत ओळीने लिहिलेली असते, किंवा रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणाऱ्या ‘सीएसव्ही’ या स्वरूपात उतरवून घेणे, म्हणजे ठेव पुन्हा समोर मोजून घेणेच होय.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या इतिहासात या दोन्ही वृत्तींची उदाहरणे भेटतात. प्रवरेकाठच्या नेवासे येथे 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, तेव्हा संस्कृत न जाणणाऱ्यांसाठीही ती ठेव उघडी झाली. याच जिल्ह्यातील सराळे गावच्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी लीळाचरित्रात जतन केल्या. पुढे चक्रधरांच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यामागे पवित्र वचनांच्या रक्षणाची कळकळ होती, तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी संकेत उकलेपर्यंत हे साहित्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळजवळ अज्ञातच राहिले.

मराठी संपर्कवह्यांवरही असाच प्रसंग आला. जुन्या अनेक फाँटांत पडद्यावर देवनागरी दिसत असे, पण आत साठवलेले संकेतांक रोमन अक्षरांचे असत. फाँट नाहीसा झाला की नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उरत. युनिकोडने, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाने, 1991 पासून देवनागरीला 128 स्थानांचा स्वतंत्र पट्टा दिला, त्यामुळे अक्षराची ओळख फाँटाच्या अधीन राहिली नाही.

मात्र उतरवून घेणे म्हणजे निष्ठेने उतरवणे नव्हे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी 1584 मध्ये ग्रंथ शुद्ध केला. त्याचप्रमाणे तक्त्याच्या प्रणालीत क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळते, छायाचित्र सीएसव्हीत येत नाही, आणि म्हणून मूळ वही पुसण्यापूर्वी नवी फाइल नोंदीनोंदीने ताडून पाहणे हे ठेवदाराप्रती कर्तव्य ठरते.

उघडी फाइल कोणालाही वाचता येते, यात तिचे बळ आहे तसा धोकाही आहे. निक्षेप उघड मोजावा, पण चव्हाट्यावर मांडू नये. म्हणून अशी प्रत कुलूपबंद जागी ठेवणे आणि ती कशी उघडावी हे घरातील विश्वासू माणसाला सांगून ठेवणे, ही दोन्ही बंधने एकाच धर्माची अंगे आहेत. 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा असंख्य पत्त्यांतील एक शब्द बदलण्याजोगा झाला. जी वही वाचता येते तीच अशी दुरुस्त करता येते, आणि तिच्यातील माणूस नव्या पत्त्यावरही तोच म्हणून ओळखता येतो.