प्रेषकाचे नाव

थोरली ताई सिस्टर होऊन बिहारमधील एका मिशनमध्ये गेली, तेव्हापासून दरवर्षी आगमनकाळ तोंडावर आला की आई तिच्यासाठी पार्सल करावयास बसे. जड वस्तू तळाशी, हलक्या वर. लोणच्याच्या बरणीचे तोंड मेणकापडाने बांधावयाचे आणि मग तिला जुन्या सुती कापडाचे दोन वेढे द्यावयाचे. राजेळी केळ्यांची सुकेळी मात्र मधोमध, चहूबाजूंनी कपड्यांचा आधार देऊन. खोका बांधून झाला की आई तो कानाशी धरून हलवी. आत काही खडखडले की सारे सोडून पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर मांजरपाटाचे वेष्टण, दाभणाने घातलेली दाट शिवण आणि शिवणीवर लाखेच्या मोहरा. पत्ता दोन ठिकाणी लिहावयाचा. एक वर कापडावर आणि एक आत चिठ्ठीवर, न जाणो वाटेत वरचा पुसला गेला तर! शेवटी डाव्या कोपऱ्यात प्रेषकाचे नाव. ते तेवढे आई स्वतः लिही. तिचे अक्षर काही चांगले नव्हते.

आता पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्टी आली. मांजरपाटाची ती पांढरी गाठोडी क्वचितच दिसतात. परंतु मला सांगावयाचे आहे ते निराळेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. पुढच्या रविवारी आमच्या धर्मग्रामात मिस्सानंतर आवाहन झाले आणि दोन दिवसांत सभागृहात कपड्यांचा ढीग जमला. तो निवडून, बांधून पाठवण्याचे काम आम्हा दहाबारा जणांवर आले. ढिगात चांगल्या चादरी होत्या, कोऱ्या साड्याही होत्या. परंतु एकाच पायाचा बूट होता, हूक नसलेली पोलकी होती, पार्टीला घालावयाचा जरीचा झगा होता. न धुतलेले कपडे तर विचारूच नका. आम्ही हसलो, चिडलोही. “लोकांना लाज कशी वाटत नाही?” असे कोणीतरी म्हणाले, आणि तेवढ्यात माझ्या हाती एक निळा शर्ट आला. कॉलर विरलेली, दोन बटणे गेलेली. तो माझाच होता. आवाहन झाले त्याच संध्याकाळी मी तो पिशवीत कोंबला होता, आणि रात्री समाधानाने झोपलोही होतो.

त्या शर्टाने मला जो प्रश्न घातला, तो आजही सुटलेला नाही. आई ताईसाठी जेवढी दक्षता घेई, तेवढी अनोळखी माणसासाठी घेण्यास मी बांधलेला आहे काय? प्रेमालाही क्रम असतो, जवळच्यावर अधिक प्रेम करणे हे स्वाभाविक आणि योग्य आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी मानले आहे. ते मला पटते. किल्लारीच्या शेतकऱ्यासाठी मी सुकेळी सुकवत बसलो नाही, हा काही माझा अपराध नव्हे. पण कमी प्रेम करणे वेगळे आणि ‘मदत’ या नावाखाली घरातील अडगळ बाहेर काढणे वेगळे. पहिल्यात मर्यादा आहे. दुसऱ्यात खोटेपणा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. अंगावर काहीच नसलेल्याला फाटकेही चालते, असे म्हणतात. ज्याच्या अंगावर काही नाही, त्याने तसे म्हटले तर मी मान्य करीन. ज्याचे कपाट भरलेले आहे, त्याने म्हणू नये. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्सुनामीने वेलंकनी आणि नागपट्टिणमचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. कालपर्यंत स्वकष्टाचे खाणाऱ्या कोळ्यांना इतरांचे उतरलेले कपडे अंगावर घालवेनात. गूंज या संस्थेने त्यातील पुष्कळसे कपडे गोळा करून दुसऱ्या उपयोगास लावले, हे खरे. परंतु ते निवडण्याचे, उचलण्याचे कष्ट कोणाच्या माथी आले?

जुने द्यावयाचेच नाही, असे मात्र मी म्हणत नाही. आमच्या सभागृहातील त्या ढिगात एक लुगडे होते. चांगले वापरलेले, दोन ठिकाणी रफू केलेले, पण धुऊन, घडी घालून सुतळीने बांधलेले. ते देणाऱ्या बाईपाशी बहुधा दुसरे देण्याजोगे नसावे. ते आम्ही सर्वांत वर ठेवले.

त्या लुगड्यावर नाव नव्हते आणि माझ्या शर्टावरही नव्हते. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती दात्याच्या बढाईला लगाम घालण्यासाठी आहे. पण आम्ही तिचा सोयीस्कर आडोसा केला आहे. नाव नसले की बढाई मारता येत नाही, हे खरे; पण लाजही वाटेनाशी होते. त्या बाईने अनामिकपणे जे झाकले ते तिचे औदार्य होते, मी झाकले ते माझे कृपणपण. बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच. म्हणून मदतीच्या पिशवीवर नाव लिहू नये, पण ते लिहिण्याची तयारी मात्र असावी, असे मला वाटू लागले आहे. आईने ताईच्या पार्सलावर लिहिलेले नाव काही मोठेपणासाठी नव्हते. आत काही फुटले, नासले, तर ते कोणाच्या हातून झाले हे कळावे, आणि पार्सल परत आले तर ते घेण्यासाठी दारात कोणी असावे, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्या दिवशी मी कोणाला काही बोललो नाही. सर्वांची पाठ वळल्यावर शर्ट पिशवीत घातला आणि घरी आणून पलंगाखाली टाकला. आठवडाभराने तो आईच्या हाती लागला. तिने तो उलटसुलट करून पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. धुऊन वाळवल्यावर कात्रीने त्याच्या पट्ट्या केल्या. त्या वर्षी ताईच्या पार्सलातील लोणच्याच्या बरणीला निळ्या कापडाचे दोन वेढे होते.