हातांचा उपवास

फाल्गुन सरत आला की डहाणूतील आमच्या अंगणात कुंडीतला पिंपळ पाने टाकतो. नवे डोळे फुटण्यापूर्वीचे हे थोडे दिवस त्याची कुंडी बदलण्यास योग्य असतात. जपानमध्ये मेपलच्या बोन्सायची कुंडीदेखील वसंताच्या तोंडाशी, कळ्या उमलण्याआधी बदलतात. मेपलला हिवाळ्याची दीर्घ निद्रा लागते. ती आमच्या उबदार किनाऱ्यावर लाभत नाही, म्हणून आम्ही पिंपळावर समाधान मानले.

कुंडी बदलणे म्हणजे जखम करणे होय. उथळ कुंडीत मुळ्या गोल गोल फिरून दाटतात. त्यांतील सुमारे एक तृतीयांश कापून पोयटा व विटांचा चुरा नव्याने भरावा लागतो. न कापल्यास झाड गुदमरते. म्हणजे जखम त्याच्या हिताचीच असते. परंतु येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हितासाठी आपण त्याला जखम केली, त्याचे नंतर आपण काय देणे लागतो?

पहिल्या खेपेस आम्हांला वाटले, अधिकाधिक काळजी! आम्ही दिवसातून तीनदा पाणी घातले, आठवड्यात खत दिले, मूळ धरले की नाही हे पाहण्यासाठी खोड हलवून पाहिले. पिंपळासारखे चिवट झाड, पण महिन्याभरात कुजले. कारण पुढे उमगले. पाणी शोषणारी बारीक मुळेच कापली गेलेली असतात. माती सतत चिंब राहिली तर उरलेल्या मुळांना हवा मिळत नाही. खतातील क्षार ताज्या जखमांना पोळतात. खोड हलले की नुकतीच फुटलेली तंतुमुळे तुटतात. त्या दिवसांत झाडाला हवी असते विरळ सावली, वाऱ्यापासून आडोसा, बेताचा ओलावा आणि खोड डळमळू नये म्हणून कुंडीशी बांधलेली तार. खत आणि कात्री यांनी नवी पालवी पक्व होईपर्यंत दूर राहावे.

घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत हे ज्ञान जुनेच आहे. ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची कलमे रायणीच्या खुंटावर बांधतात. नव्या कलमाला काठीचा आधार देतात, उन्हाळ्यात सावली करतात. मूळ धरले का म्हणून कोणी ते उपटून पाहत नाही.

हे लिहिताना आम्हांला एक मुलगी आठवते. आम्ही काही वर्षे एका वसतिगृहात संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेत असू. जूनमध्ये तलासरीकडच्या एका पाड्यावरून ती आली, जेमतेम सात वर्षांची. घरी वारली बोली, इथे पुस्तकी मराठी. शिक्षणासाठी तिला घरातून उचलणे आवश्यक होते, असे आम्ही आजही मानतो. परंतु पहिल्याच आठवड्यात आम्ही तिचे उच्चार, केस, जेवणाची रीत, सारे सुधारायला घेतले. रोज विचारायचे, "आज काय शिकलीस?" ती अबोल झाली. स्वयंपाकघरातल्या मावशींपाशी मात्र ती तांदूळ निवडत वारलीत बोलत बसे. अभ्यासाची वेळ वाया जाते म्हणून आम्ही तेही बंद केले. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी गेली, ती परत आली नाही. तिला मिळणारी तेवढीच सावली होती, आणि ती आम्ही आमच्या हाताने काढून घेतली. मनात तिच्याविषयी केवळ प्रेम होते, हे खरे. पण त्या प्रेमात आमचा स्वतःचा उतावीळपणा किती होता, हे तेव्हा आम्ही पाहिले नाही.

यावर कोणी म्हणेल, हात आवरणे ही आळसाची सोयीस्कर सबब नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. पाणी न घालणारा माळी संयमी नसतो, बेफिकीर असतो. दोघांतला भेद रोजच्या वर्तनात दिसतो. बेफिकीर मनुष्य कुंडीकडे फिरकतच नाही. संयमी मनुष्य रोज सकाळी जातो, मातीत बोट घालून ओल पाहतो, ऊन सरकले असेल तर आडोसा सरकवतो आणि त्याहून अधिक काही करण्याची इच्छा गिळून परत येतो.

प्रभू येशूच्या दृष्टान्तातील माळी आपल्या परिचयाचा आहे. तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराला तोडण्याची आज्ञा होते, तेव्हा तो आणखी एक वर्षाची मुदत मागतो. खणण्याची व खत घालण्याची तयारी तो दाखवतोच. पण धन्याकडे तो जे मागतो, तो असतो वेळ. आपल्या घरी नव्याने आलेली सून, वसतिगृहात ठेवलेले मूल, आईवडिलांना गावाहून शहरात आणलेले असेल तर ते वृद्ध जीव, या सर्वांच्या वतीने असा वेळ मागणारे कोणी हवे.

यंदाही कुंडी बदलली, ती ऐन उपवासकाळात. अन्नाचा उपवास आपण जाणतो. हातांचाही एक उपवास असतो आणि तो अधिक कठीण जातो. आज पिंपळाच्या एका डोळ्यातून तांबूस पान डोकावते आहे. त्याला हात लावून पाहावेसे फार वाटते. आम्ही ओल पाहिली आणि आत आलो.