कुमारवय आणि विवेक

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न मानले आहेत. यांपैकी जीव हा अनादि अविद्येने बद्ध असला, तरी तो लाकडासारखा जड नव्हे. तो करतो आणि केलेले भोगतो. पित्याच्या कर्माचे फळ पुत्राला भोगता येत नाही, आणि पुत्राच्या कर्माचे फळ पित्याला वाटून घेता येत नाही. हा सिद्धांत निरूपणात वारंवार ऐकला जातो. घरात मात्र त्याचा विसर पडतो. मूल पंधरा-सोळा वर्षांचे होईपर्यंत त्याने काय शिकावे, कोणाशी मैत्री करावी, पैसा कशावर खर्चावा, हे सर्व वडीलधारेच ठरवितात; आणि अठरावे वर्ष लागले की 'आता तुझे तू पाहा' असे म्हणून मोकळे होतात. ज्याला निवडीचा अभ्यासच नाही त्याने योग्य निवड कशी करावी? वासनिकांच्या घरी तर हा प्रश्न विशेष विचारणीय होय. कारण सप्तव्यसनांचा त्याग हा वतनाप्रमाणे वारशाने मिळत नाही. ज्याचा त्याने तो समजून-उमजून स्वीकारावा लागतो.

दृष्टांत : केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत आहेत. गूढ तत्त्व लोकव्यवहारातील साध्या गोष्टीने सुलभ करावे, ही स्वामींची रीत. तिचाच मागोवा घेत भाईंदरजवळच्या खारी गावाकडे पाहावे. गावाच्या नावातच खार आहे, आणि हा सारा परिसर पूर्वापार मिठागरांचा. पावसाळा सरल्यावर उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतात आणि ते बांधांनी अडवितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरविले जाते. ऊन आणि वारा त्याला आटवितात. दहा भागांतील सुमारे नऊ भाग पाणी उडून गेल्यावर, म्हणजे घनता सुमारे २५ अंश बोमे झाल्यावर, मिठाचा दाणा बसू लागतो. त्याआधी कितीही घाई केली तरी दाणा बसत नाही. उलट, फार वेळ राखून ठेवले तर उरलेल्या पाण्यातील कडू क्षार मिठात उतरतात आणि मीठ बिघडते. अवकाळी पाऊस आला तर केलेले श्रम एका रात्रीत वाहून जातात. म्हणून जाणता आगरी पाणी पाहतो, वारा पाहतो, आभाळ पाहतो, आणि मगच हात घालतो. अशा आगरावर वाढणाऱ्या मुलाच्या हाती उघाडी कोणी पहिल्याच दिवशी देत नाही. पण ती त्याला कधीच हाताळू दिली नाही, तर त्याचा बाप गेल्यावर आगरही जाते.

दार्ष्टांतिक : भरतीचे पाणी म्हणजे कुमारवयातील ऊर्मी. ती वाईट नव्हे. तिच्यावाचून मीठच नाही. बांध म्हणजे आचारधर्म. ऊन-वारा म्हणजे विचार. दाणा म्हणजे निर्णय. ऊर्मी उठताच केलेला निर्णय म्हणजे न आटलेले पाणी. भीतीपोटी लांबविलेला निर्णय म्हणजे कडू पडलेले मीठ. मुलाला 'थांब' एवढेच सांगणे पुरेसे नाही; थांबून पाहावयाचे काय, हेही शिकविले पाहिजे.

आज खारीतील मुलासमोर उभे राहणारे निर्णय पूर्वीच्या पिढीने पाहिलेले नाहीत. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ मध्ये स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती; २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. गावकीत जेथे चार जाणती माणसे मुलाला नावानिशी ओळखत, तेथे आता इमारतींत शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. द्यूतासाठी अड्ड्यावर जाण्याचीही गरज उरली नाही. हातातील मोबाइलमध्येच तो मांडता येतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये संमत केला. परंतु कायदा खेळविणाऱ्याला अडवील; खेळावे असे वाटणाऱ्या मनाला आवरणे हे विवेकाचेच काम होय.

या संदर्भात स्वामींच्या पूर्वचरित्रातील लीळा मननीय आहे. भडोच येथे हरिपाळदेव या नावाने असताना द्यूतात मोठी रक्कम हरली. देणे फेडण्यासाठी कमळाइसांजवळ अलंकार मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. पुढे प्रधान असलेल्या पित्याने ते देणे चुकते केले; परंतु संसाराविषयीची उदासता तशीच राहिली. रामयात्रेचे निमित्त करून स्वामी निघाले, बरोबर दिलेली माणसे वाटेतून परत पाठविली आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले. येथे एक सावधानता हवी. ईश्वराची लीळा ही जीवाच्या व्यसनासारखी नव्हे. तिचे अनुकरण करावयाचे नसून तिच्यातून बोध घ्यावयाचा आहे. बोध असा की, देणे कोणीतरी फेडले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. मुलाचे कर्ज गुपचूप फेडून 'पुन्हा करू नकोस' म्हणणारा पिता त्याचे ऋण निवारतो. त्याचा विवेक जागा करीत नाही. 'हे का झाले? यापुढे कोणत्या वाटेने जावयाचे?' हा विचार मुलाच्या अंतःकरणात उठला पाहिजे.

विचार कसा करावा याचे उदाहरण म्हाइंभटांनी घालून दिले. ते पंडित होते. विद्येचा अभिमान घेऊन स्वामींशी वाद करावयास आले आणि नम्र झाले. तेच पुढे लीळाचरित्रासाठी, ज्याने लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन पुसत आणि मिळालेले श्रीनागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेत. ऐकीव ते खरे मानावयाचे नाही, आणि आपल्या बुद्धीवरच विसंबावयाचे नाही, ही त्यांची शिस्त. महदाइसा तर प्रश्न विचारण्याविषयी प्रसिद्धच आहेत. स्वामींनी त्यांच्या पुसण्याचा कधी कंटाळा केला नाही. मग मुलीने 'का?' म्हणून विचारले, तर ते उद्धटपण कसे मानावे?

अतएव मुलांना चार गोष्टींचा अभ्यास घडवावा. हे मला खरोखर हवे आहे की चौघे करतात म्हणून हवे आहे? ज्याला या वाटेचा अनुभव आहे अशा कोणाला मी विचारले काय? याने कोणा जीवाला पीडा होते काय? आणि परिणाम विपरीत झाला तर तो मी माझा म्हणून स्वीकारीन काय? दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य, कला की आय.टी.आय., या निवडीपासून मित्राने पुढे केलेल्या पेल्यापर्यंत हे चारही प्रश्न लागू पडतात. प्रारंभ लहान निर्णयांनी करावा. महिन्याचा हातखर्च मुलाच्या स्वाधीन करावा. तो वीस दिवसांत संपला, तर उरलेले दहा दिवस त्याला ते उणेपण सोसू द्यावे. मात्र जेथे शील, प्राण वा दुसऱ्याचे हित धोक्यात येते, तेथे वडिलांनी बांध घातलाच पाहिजे. बांधाविना आगर नाही, आणि उघाडीविनाही नाही.

आज्ञेने चालणारे मूल आज्ञा देणारा दूर होताच थांबते किंवा बहकते. समजून चालणारे मूल एकटे असतानाही चालते. आणि अशा जीवालाच पुढे उपदेश घेताना आपण काय स्वीकारीत आहोत, याचे भान असते.