बंद पडलेली पिकअप आणि दैवाचा प्रश्न

नारायणगावचा टोमॅटो भरून वाशीच्या बाजाराकडे निघालेली पिकअप माळशेज घाटात बंद पडली, की रस्त्याकडेला थांबलेल्या चार माणसांतला एक तरी म्हणतोच, "नशीबच खराब." असं म्हणणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण पहाटेचा बाजार हुकला की भाव उतरतो, क्रेटमधला माल मऊ पडतो, भाड्याचे पैसे अडकतात आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही. एवढं नुकसान एका क्षणात अंगावर येतं, तेव्हा त्याचं कारणही तेवढंच मोठं आणि आपल्या हाताबाहेरचं असावं असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही माझं म्हणणं असं आहे की अशा वेळी दैवाला पुढे करणं यंत्राच्या दृष्टीनं चूक आहेच, पण धर्माच्या दृष्टीनंही चूक आहे. कार्य, कारण, दैव आणि प्रयत्न यांचा इतका बारीक विचार आपल्या परंपरेनं केला आहे की त्यातला थोडा जरी गॅरेजच्या दारापर्यंत पोचला असता, तरी "नशीब" हे उत्तर इतक्या लवकर तोंडी आलं नसतं.

न्यायदर्शनानं अनुमान समजावताना डोंगरावरच्या धुराचं उदाहरण घेतलं. अग्नी दिसत नाही, धूर दिसतो. चुलीपाशी दोघांना कायम एकत्र पाहिलेलं असतं, म्हणून डोंगरावर आग आहे हे कळतं. डिझेल इंजिनाचा मिस्त्री हेच काम रोज करतो, फक्त त्याला धुराचा रंगही वाचावा लागतो. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी असं काहीतरी घडतं आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतं आहे, मग ते झिजलेल्या पिस्टन रिंगवाटे वर येत असेल, व्हॉल्व्हच्या सीलमधून उतरत असेल किंवा टर्बोतून गळत असेल. पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा असू शकतो किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या कूलंटचा. वासावरून ते ओळखता येतं. थंडीत पहाटे गाडी सुरू करताना थोडा वेळ पांढरं दिसतं आणि इंजिन तापलं की नाहीसं होतं, तो दोष मानायचा नाही. नैयायिकांनी इथेच एक मोठी सावधगिरी सांगितली आहे. धूर आहे तिथे अग्नी असतोच, पण अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही, कारण धुरासाठी ओलं सरपण लागतं. तापलेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. या ओल्या सरपणाला त्यांनी उपाधी म्हटलं. "काळा धूर म्हणजे इंजेक्टर गेले" असं सांगून हजारोंचं बिल करणारा कारागीर ही उपाधी विसरलेला असतो. इंजेक्टर बिघडला तर काळा धूर येईल, पण मातीनं गच्च भरलेल्या एअर फिल्टरमुळेही तोच धूर येतो, आणि फिल्टर काढून पाहायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

गाडी गरम होण्याची गोष्ट जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण न्यायसूत्रांतला एक जुना वाद इथे जसाच्या तसा उभा राहतो. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असं अनुमान करतात. त्यावर आक्षेप असा की पाणी तर कोणी बांध घातल्यानंही तुंबेल. मग अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? उत्तर असं दिलं आहे की नुसतं वाढलेलं पाणी हा हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधारच, नव्हे. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून येणारी पानं आणि लाकडं, अशा खुणांसह आलेला पूर पावसाचा असतो. चूक अनुमानाची नाही, अपुरं पाहून अनुमान करणाऱ्याची आहे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढणं हे असंच नुसतं वाढलेलं पाणी आहे. त्यावरून काहीच ठरत नाही. सपाट रस्त्यावर वेगात असताना काटा खाली येतो आणि ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर रेंगाळताना वर जातो, तर पंखा नीट वारा देत नसावा. फॅन बेल्ट सैल आहे का ते आधी पाहावं. इंजिन तापलेलं आणि रेडिएटर मात्र थंडच, असं असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असण्याची शक्यता मोठी. बाहेर कुठेही गळती नाही, तरी कूलंट रोज कमी होतं, चालू इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते, तेव्हा हेड गॅसकेटकडे बोट जातं. आणि या सगळ्याच्या आधीचा नियम म्हणजे तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि झाकण सुटताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. भाजलेल्या चेहऱ्याला दैव म्हणायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वात्स्यायनानं न्यायभाष्यात अनुमानाची आणखी एक रीत सांगितली आहे, परिशेषाची. शब्द हा द्रव्य नाही, कर्म नाही, म्हणून जे उरतं ते, म्हणजे गुण. एकेक शक्यता पुराव्यानं बाद करत जायचं आणि उरेल ते स्वीकारायचं. सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी सेल्फच घेत नाही, तेव्हा हीच रीत कामाला येते. हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे लागलेच नाहीत तर वीज बॅटरीतून बाहेरच येत नाही. दिवे लागले, पण सेल्फ मारताच मंदावले आणि नुसती टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणीत अडथळा आहे. दिवे झगझगीतच राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर बॅटरी निर्दोष, दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. बॅटरीवर संशय असेल तरी लगेच नवी घ्यायची नाही. टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी पाहावी, नट हलतो का ते पाहावं, बॉडीला जाणारी अर्थची पट्टी गंजली आहे का ते पाहावं. मीटर लावला तर विश्रांतीतली पूर्ण भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि गाडी चालू असताना आकडा 14 च्या आसपास जातो. तो तिथे जात नसेल तर अपराधी अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट असतो, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत उतरते. संशय, तर्क, निर्णय हे तीन शब्द न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांमध्ये मोजलेले आहेत. संशयातून थेट निर्णयावर उडी मारणारा माणूस मधला तर्क गाळतो, आणि ती उडी खिशाला महाग पडते.

यावर कोणी म्हणेल की अनुमान शेवटी अनुमानच, खात्री कुठे आहे? चार्वाकांनी हे फार पूर्वी विचारलं होतं: सगळ्या काळातले, सगळ्या ठिकाणचे धूर आणि अग्नी कोणी पाहिले आहेत? उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत दिलेलं उत्तर मला अजूनही पुरेसं वाटतं. शंका तिथवरच चालते, जिथे ती स्वतःच्या वागण्याशी विरोधात जात नाही. धुराचं कारण अग्नी आहे याची शंका घेणारा माणूसही धूर हवा असला की आगच पेटवतो. कार्यकारणावर विश्वास नसता तर बंद गाडीचं बोनेट कोणी उघडलंच नसतं. दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. 2020 पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या, जागोजागी सेन्सर बसले, स्कॅनर लावला की कोड येतो. मग डोकं चालवायचं कशाला? पण स्कॅनर ही साक्ष आहे, निकाल नव्हे. डिझेलच्या रेलमध्ये दाब कमी आहे असा कोड आला, तर त्यामागे तुंबलेला डिझेल फिल्टर असेल, लाइनमध्ये शिरलेली हवा असेल, पंप असेल, गळका इंजेक्टर असेल किंवा खुद्द सेन्सर खोटं सांगत असेल. शब्दप्रमाण मानणाऱ्या नैयायिकांनीही सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासू जाणकार, असावा अशी अट घातली होती. यंत्राच्या बाबतीत ही अट सैल करण्याचं कारण मला दिसत नाही.

आता मूळ मुद्दा, दैवाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, वेगवेगळी साधनं, वेगवेगळ्या क्रिया आणि पाचवं दैव. दैवाला जागा आहे, पण पाचातली एक. उरलेल्या चारांची चौकशी न करता पाचव्याचं नाव घेण्याची मुभा त्यात कुठेही नाही. बुद्धांना सीवक नावाच्या परिव्राजकानं विचारलं होतं की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणाऱ्यांबद्दल आपलं मत काय. बुद्धांनी पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतूचा पालट, स्वतःची नीट काळजी न घेणं, अचानक झालेला आघात, अशी कारणं मोजली आणि कर्मविपाक आठवा धरला. योगवासिष्ठ तर आणखी पुढे जातं. तिथे वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून वेगळं काही नाही, आपलाच आधीचा प्रयत्न दैव म्हणून समोर येतो आणि आजच्या प्रयत्नानं त्याला हरवता येतं. या विचाराचं याहून नेमकं उदाहरण मला सुचत नाही: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-3 दर्जाचं कोरडं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे. तेच ओलावा मुरल्यावर 140 पर्यंत उतरलेलं चालतं. उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क आणि ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ऑइलात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचं पेडल तळाला जातं. घाटाच्या वळणावर ब्रेक लागला नाही, हा प्रसंग दैवी आघातासारखा दिसतो. पण तो दोन-तीन पावसाळे न बदललेल्या ऑइलात हळूहळू जमा होत आलेला असतो. त्यात गाडी न्यूट्रल करून उतरवली असेल तर आपण स्वतः भर घातली. आजच्या डिझेल इंजिनात गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलनं डिझेल वाचत नाही, फक्त इंजिनाचा आधार जातो.

श्रद्धाळू वाचक विचारील, मग खंडेनवमीला गाडीची पूजा, झेंडूचा हार, समोर टांगलेलं लिंबू-मिरची, हे सगळं टाकून द्यायचं का? पूजा टाकण्याचं मला काहीच कारण दिसत नाही. ज्या साधनावर घर चालतं त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडणं ही कृतज्ञता आहे, आणि कृतज्ञतेला मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. खंडेनवमीला हत्यारं पुसून, तेलपाणी करून मगच मांडतात. देखभाल हा त्या विधीचाच भाग आहे. त्या दिवशी गाडी थांबते, धुतली जाते, आणि धुतलेल्या गाडीखाली दुसऱ्या सकाळी ऑइलचा थेंब पडला तर तो दिसतो. पाटे आणि यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, टायरची एका बाजूनं झालेली झीज, हे त्या दिवशी पाहणारा माणूस पूजाच करत असतो, असं माझं ठाम मत आहे. लिंबू-मिरचीवर माझा राग एवढ्यासाठीच आहे की ती धोका टळल्याची खात्री देते आणि पाहण्याची गरज संपवते.

सर्वांत खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि त्याच्याशी प्रामाणिक राहायला हवं. चालवणारा बहुतेक वेळा मालक नसतो. देखभालीचे पैसे त्याच्या हातात नसतात, दीड टनाच्या गाडीत अडीच टन माल भरा असं सांगणारा व्यापारी असतो, आणि नाही म्हटलं तर दुसरा ड्रायव्हर तयार असतो. अशा माणसाला कार्यकारणभाव शिकवणं म्हणजे त्याच्या दारिद्र्यावर प्रवचन देणं होईल. हे मला मान्य आहे. पण मग जबाबदारी नाहीशी होत नाही, ती सरकते. जादा वजनानं पाटा तुटला, क्लच प्लेट जळाली, टायर फुटला, तर त्याचा कर्ता सुकाणूमागे बसलेला माणूस एकटा नाही. वजन भरायला लावणारा आणि सर्व्हिस पुढे ढकलणारा हे दोघंही त्या कर्मात आहेत. यंत्र जड आहे, त्याच्याशी धर्म कसला, असं विचारणाऱ्यालाही उत्तर इथेच मिळतं. धर्म लोखंडाशी नाही. तो केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरशी, मागे मालावर बसून निघालेल्या हमालाशी आणि समोरून दुचाकीवर येणाऱ्या कुटुंबाशी आहे.

म्हणून गाडीमालकांना विनंती आहे. डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहणं, कूलंट आणि टायरची हवा तपासणं याला पैसे लागत नाहीत. ते ड्रायव्हरनं रोज सकाळी करावं आणि त्यासाठी त्याला दहा मिनिटं द्यावीत. बाकीचं तुमच्याकडे आहे: ब्रेक ऑइल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदला, सर्व्हिसची तारीख हंगामासाठी पुढे ढकलू नका, आणि ड्रायव्हर म्हणाला की ब्रेक खाली जातोय, तर त्या दिवशी गाडी घाटात पाठवू नका.